मेलेल्या नमुन्यातली हालचाल

दर काही महिन्यांनी आमच्या लॅबमध्ये कुरियरने थर्माकोलचा एक छोटा डबा येतो. आत वितळत आलेली बर्फाची पाकिटं असतात आणि त्यांच्यामध्ये लघवीचा आणि संडासचा एकेक नमुना. त्यावर नाव नसतं, वय नसतं, बाई की पुरुष तेही नसतं. फक्त एक नंबर. आम्ही त्याला 'ईक्यूए' म्हणतो. बाहेरची एक संस्था एकाच साठ्यातून अगदी सारखे नमुने भरून खूप लॅबना पाठवते. प्रत्येकीने रोजच्या पेशंटसारखं तपासायचं, काय दिसलं ते कळवायचं, आणि दुसऱ्या लॅबला विचारायचं नाही. काही आठवड्यांनी निकाल येतो. खरं उत्तर काय होतं, बाकीच्यांनी काय दिलं, तुम्ही काय दिलंत, सगळं त्यात असतं.

लघवी बहुतेक वेळा पावडर होऊन येते. बाटलीच्या तळाला पिवळट खपली असते. डिस्टिल्ड वॉटर घालून हलवलं की लघवी तयार. तीत पट्टी बुडवली की साखर दिसते, प्रोटीन दिसतं. म्हणजे कुणीतरी आजारी आहे, पण तो कुणीतरी जगात कुठेच नाही. सुरुवातीला ती बाटली हातात धरून मला कसंतरीच व्हायचं.

संडासचा नमुना मात्र कुणाच्या तरी खऱ्या पोटातला असतो, पण फॉर्मालिनमध्ये मुरवलेला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीत साप आणि बेडूक ठेवतात ना, तेच फॉर्मालिन. त्यात जे पडलं ते मेलं. जंतांची अंडी त्यात दिसतात, आकार अगदी शाबूत असतो, पण जीव नसतो. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

त्या वर्षी मी या लॅबमध्ये नवीन होते. त्याआधी घाटकोपरला एका मोठ्या लॅबमध्ये होते, तिथे सगळं मशीन करायचं आणि मी मशीनच्या तोंडात ट्यूबा भरायचे. हाताने काम करायला मिळेल म्हणून इकडे आले. लॅब अंधेरी पूर्वेला, मरोळच्या जुन्या गावठाणात, एका कौलारू बंगलीच्या पुढच्या दोन खोल्यांत. मेट्रोने यायचं, नाक्यावर उतरायचं, हार घातलेल्या क्रूसापाशी गल्लीत वळायचं. तिथून आत आलं की रस्त्याचा आवाज कुणी झाकण लावावं तसा बंद होतो. लॅब एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर बाईंची. त्यांना मी मॅडम म्हणते. रक्त घेणं माझ्याकडे, मायक्रोस्कोप दोघींकडे, आणि रिपोर्टवर सही त्यांची.

पावसाळा संपत आला होता तेव्हा पहिली अळी दिसली. एका बाईचा स्टूलचा नमुना होता, पोट बिघडल्याची साधी तक्रार. स्लाइडवर सलाईनचा थेंब टाकला, काडीच्या टोकाने नमुना त्यात कालवला, वर कव्हर स्लिपची पातळ काच ठेवली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. भाजीचे तंतू, पिठाचे कण, नेहमीचा पसारा. त्यात काहीतरी हललं. काचेसारखं पारदर्शक, एका टोकाला निमुळतं. अंग वळवून ते पसाऱ्यातून वाट काढत होतं.

"मॅडम, जरा बघता का?"

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. "अगं, अळी आहे. स्ट्राँगिलॉइड्स वाटते."

ही अळी अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मॅडमनी पुढचं सांगितलं. एकदा शिरली की ती त्याच अंगात पिढ्यान् पिढ्या काढू शकते. माणसाला वर्षानुवर्षं कळतही नाही. "आणि एखाद्याला दुसऱ्या कशासाठी स्टेरॉइड सुरू केलं की ती सगळीकडे पसरते," त्या म्हणाल्या. "अशा केसमध्ये माणूस जातो."

मग ती दिसतच राहिली. रोज नाही, पण आठवड्यातून एखाददोन नमुन्यांत तरी. माणसं वेगवेगळी, घरं वेगवेगळी. मॅडमनी गावठाणातल्या डॉक्टरांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, नाल्याकाठची भाजी असेल, आणि इथली जुनी माणसं अजून परसात अनवाणी फिरतात. पटण्यासारखं होतं. तरी मॅडमच्या कपाळावरची आठी गेली नाही. "चांगल्या स्लाइड मिळाल्या की मोठ्या हॉस्पिटलात दाखवून घेऊ," असं त्या दोनदा म्हणाल्या.

आंटी आली ती याच दिवसांत. लॅबच्या मागच्याच गल्लीत राहणारी, सत्तरीची, वाळलेल्या शेंगेसारखी बाई. गावठाणातलं जुनं ख्रिश्चन घराणं. आज जिथे काचेची ऑफिसं आहेत तिथे त्यांची भातशेती होती. बरोबर सून होती.

"पायापासून चालत येतं," आंटी मला म्हणाली. "घोट्याकडनं शिरतं. मग वर येतं, हळूहळू. पोटाशी आलं का थांबतं. दमत असेल."

सुनेने तिच्या मागे उभं राहून कपाळाला बोट लावून दाखवलं. कातडीच्या डॉक्टरला दाखवून झालं होतं. त्याला काहीच दिसलं नव्हतं. घरातल्यांनी सगळं मनावर ढकललं होतं.

आंटीच्या नमुन्यात अळी निघाली.

रिपोर्ट न्यायला दोघी आल्या तेव्हा मी समजावून सांगितलं. आंटी सुनेकडे वळली. "बघ. मी काय बोलत होती?" तिचे डोळे भरून आले. पोटात जंत निघाले म्हणून इतकं सुखावलेलं माणूस मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सून खाली बघत पिशवीचे बंद चाळवत राहिली.

डॉक्टरांनी औषध दिलं. पुन्हा नमुना तपासला, पुन्हा अळी. पुन्हा औषध. आंटी आता चादरी उकळायला लागली. पलंगाभोवती फिनाईल शिंपडायला लागली. तिची नात लहान होती, तिला जवळ येऊ देईना. सून एकदा एकटीच काउंटरशी आली आणि म्हणाली, "पोरीला मांडीवर घेत नाय ओ. पोर रडते, ही लांब सरकते. बोलते, माझ्यातनं तुझ्यात जाईल."

एका सकाळी आंटी काडेपेटी घेऊन आली.

"ह्याच्यात धरलंय," ती म्हणाली.

मी पेटी उघडली. आत चादरीवरच्या कापसाचे पुंजके, कातडीचे पापुद्रे, एक काळा दोरा. असलं आम्ही तपासत नाही. पण तिला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, नुसते धागे आहेत हे डोळ्यांनी बघते आणि तिला शांतपणे सांगते. चिमटीभर पुंजका स्लाइडवर ठेवला, सलाईनचा थेंब टाकला, डोळा लावला. धागेच होते. निळे, गुलाबी, दोरखंडासारखे जाडजाड. मला हायसं वाटलं. मान वर करून सांगणारच होते.

दोन धाग्यांच्या फटीतून ती बाहेर आली. निवांत. आधी टोक, मग अंग. धाग्याला वळसा घातला आणि पलीकडे गेली.

माझा हात नॉबवरून सुटला. आंटी मायक्रोस्कोपकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"दिसलं ना?"

मी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

"दिसलं," तिनेच उत्तर दिलं आणि काडेपेटी बंद करून रुमालाच्या टोकात बांधली.

मॅडम आल्यावर मी सांगितलं. त्या एकदम थांबल्या. "चादरीच्या पुंजक्यात? कोरड्या?"

"हो."

"तिथे ती जगणारच नाही."

"पण होती, मॅडम. मी बघितली."

"तू बघितलीस याबद्दल मला शंका नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मला हे आवडत नाहीये."

त्याच आठवड्यात माझ्या पोटरीत पहिल्यांदा काहीतरी चाललं. मेट्रोत बसले होते. डाव्या पोटरीवरून, आतून, कुणीतरी ओल्या दोऱ्याने रेघ ओढावी तसं. मी सलवार वर करून बघितलं. काही नव्हतं. समोरची बाई माझ्याकडे बघायला लागली म्हणून पाय खाली घेतला. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा. मग रोज. आंटीने सांगितलेल्या वाटेनेच ते यायचं, घोट्याकडून वर.

मी माझा स्वतःचा नमुना तपासला. कुणाला न सांगता, सकाळी लवकर येऊन. अळी होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जंताची गोळी घे आणि विषय संपव ना. एवढं काय?" गोळी घेतली. विषय संपला नाही. मी माझा टॉवेल वेगळा केला. मुलीला वेणी घालून देताना माझे हात आखडायला लागले. ती म्हणाली, "आई, नीट घट्ट घाल ना गं." मी म्हटलं, आज पप्पांकडून घालून घे. पप्पांना वेणी येत नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

ईक्यूएचा डबा आला तो असा मध्येच. दुपारची वेळ होती, पेशंट संपले होते, समोरच्या अंगणात कुणीतरी बोंबील वाळत घातले होते आणि कावळे त्यावर टपून होते. मॅडम आतल्या खोलीत रिपोर्टवर सह्या करत होत्या. मी लघवी आधी उरकली. मग संडासची बाटली घेतली. झाकण उघडल्याबरोबर फॉर्मालिनचा वास नाकात चढला, डोळे चुरचुरले. स्लाइडवर सलाईनचा थेंब, काडीने नमुना, कव्हर स्लिप. रोजच्यासारखंच.

अंडी लगेच दिसली. मोठ्या जंताची, तपकिरी, खडबडीत कवचाची, पुस्तकातल्या चित्रासारखी. मी मनात म्हटलं, सोपा आलाय या वेळचा. उरलेली स्लाइड शिस्तीप्रमाणे कडेपर्यंत बघायची म्हणून सरकवत गेले.

कडेशी ती पोहत होती.

मी डोळा काढला. चष्मा पुसला. पुन्हा लावला. ती तिथेच होती, जिवंत, अंगाचा आकडा करत, सोडवत. मेलेल्या अंड्यांच्या मधून चालली होती. मग तिचा वेग कमी झाला. एकदा वळली. पुन्हा वळायला गेली आणि अर्ध्यातच राहिली. शेपटीचं टोक थरथरलं, तेही थांबलं. आता ती बाकीच्यांसारखीच झाली, चित्रातली.

माझ्या डोक्यात त्या वेळी जे आलं ते शिकलेल्या माणसाने सांगू नये, पण सांगते. मला वाटलं, मी हात लावला म्हणून ती उठली. माझ्यातलं काहीतरी ज्याला त्याला लागतंय. चादरीच्या पुंजक्याला लागलं, आता या मेलेल्याला लागलं.

"मॅडम!"

माझा आवाज ऐकून त्या पेन हातात घेऊनच आल्या. मी बाजूला झाले. त्यांनी बघितलं. "अंडी आहेत. आणि ही अळी. बरं, मग?"

"ती हलत होती."

"फॉर्मालिनमध्ये?"

"हो. माझ्यासमोर थांबली ती आत्ता."

असं होऊच शकत नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. पेन खिशाला लावलं. "दुसरी कर."

दुसरीत अंडी होती, अळी नव्हती. मॅडम म्हणाल्या, अजून एक कर. कव्हर स्लिप माझ्या बोटांतून दोनदा निसटली. या वेळी डोळा त्यांनी लावला. बऱ्याच वेळाने त्या अगदी हळू म्हणाल्या, "आहे. हलतेय." मग नुसत्या बघत राहिल्या. ती थांबेपर्यंत त्यांनी डोळा काढला नाही.

मग स्टुलावर टेकल्या. बाहेर कुणीतरी कावळे हाकलले.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "हा नमुना कुठल्या माणसाचा आहे, त्याला काय झालं होतं, ते आपल्याला माहीत नाही. पण तो फॉर्मालिनमध्ये आहे. त्याच्यात जिवंत काही असणार नाही. मग हे जिवंत आहे ते त्याच्यातलं नाही."

"मग कुणातलं?"

"आपलं आहे."

माझी पोटरी त्याच क्षणी आतून सरसरली.

"आता नमुना घालू नकोस," मॅडम म्हणाल्या. "नुसतं सलाईन टाक."

मी सलाईनची बाटली घेतली. दाबली की चोचीतून थेंब पडतो तशी प्लॅस्टिकची बाटली. एक थेंब टाकला, वर काच ठेवली, बाकी काही नाही. डोळा लावला. समोर कोरा, गोल, पांढरा प्रकाश. ना तंतू, ना कण, ना माणसाची काही खूण. आणि त्या रिकाम्या प्रकाशात दोन अळ्या होत्या. एक या कडेला, एक त्या कडेला. कुणाच्याही पोटाची गरज नसल्यासारख्या आरामात पोहत होत्या.

त्या दुपारी आम्ही त्यांचा माग काढला. सलाईन औषधाच्या दुकानातून सीलबंद यायचं, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय गेला नव्हता. नवी बाटली फोडून बघितली, ती स्वच्छ होती. पण आम्ही ते ओतायचो या चोचीच्या बाटलीत. ती कधी पूर्ण रिकामी होतच नव्हती. अर्ध्यावर आली की वरून भरायची, अशी माझ्या येण्याआधीपासूनची पद्धत. मधूनच कुणीतरी ती नळाखाली विसळलेली. मॅडमनी कात्रीने बाटली कापली. चोचीच्या नळीला आतून बोटाला लागेल असा बुळबुळीत थर होता.

बेसिनच्या नळाला फडकं बांधलेलं होतं, टाकीतला गाळ येऊ नये म्हणून सगळे बांधतात तसं. मॅडमनी ते सोडलं, त्याचा एक थेंब काचेवर पिळला, स्वतःच बघितला. मग मला बघायला सांगितलं. मोजता येणार नाहीत इतक्या. एकमेकींत गुंतून, सुटून, पुन्हा गुंतत होत्या. सगळं वर्तुळ उकळी आल्यासारखं हलत होतं.

"ह्या माणसाला काही करत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पाण्यात, चिखलात, शेवाळात राहतात. त्यांना आपल्याशी काही घेणंदेणं नाही. आपणच त्यांना माणसांच्या पोटात नेऊन ठेवलं." त्यांनी चष्मा काढून डोळे दाबले. "मी इतक्या जवळून बघितलं त्यांना. तोंड, शेपूट, सगळं. स्ट्राँगिलॉइड्स मनात धरून बघितलं, तर स्ट्राँगिलॉइड्सच दिसली."

त्या दिवसापासून काही दिवस आम्ही स्टूलचं काम बंद ठेवलं. मॅडमनी डॉक्टरांना सांगितलं, मग एकेका पेशंटला स्वतः फोन लावले. पुन्हा नमुने मागवले, नव्या सलाईनवर तपासले. कुणातच काही नव्हतं. काहीजण भडकले, काहीजण हसले, एका बाईने फोनवरच देवाचे आभार मानले. माझा नमुना मॅडमनी तपासला. स्वच्छ.

संध्याकाळी मेट्रोत बसले आणि पोटरीतल्या त्या रेघेची वाट बघत राहिले. आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. पुन्हा कधीच आली नाही. आनंद व्हायला हवा होता. पण मला त्याचीच जास्त भीती वाटली. इतके दिवस मी जे स्पष्ट, ओलं, वळवळणारं अनुभवत होते, ते एका वाक्याने बंद झालं. मग ते सुरूही तसंच झालं असणार. मुलीला वेणी घालताना मी मध्येच थांबायचे आणि स्वतःच्या बोटांकडे बघायचे. ती म्हणायची, "काय झालं?" मी म्हणायचे, काही नाही गं.

राहिली आंटी. तिच्या घरी मॅडम आणि मी दोघी गेलो.

घरात शिरताच फिनाईलचा वास आला. पुढच्या खोलीत येशूच्या तसबिरीखाली लाल दिवा होता आणि कोपऱ्यात आंटीचा पलंग. त्याचे चारही पाय पाण्याने भरलेल्या डब्यांत ठेवले होते, मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाखाली ठेवतात तसे. गादीवर चादर नव्हती, जाड प्लॅस्टिक होतं. आंटी त्यावर ताठ बसली होती. नात दाराच्या चौकटीला धरून लांबूनच बघत होती.

मॅडम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "आंटी, आमच्याकडून चूक झाली. तुमच्या पोटात अळ्या नव्हत्या. आमच्या पाण्यात होत्या. ते पाणी प्रत्येक नमुन्यात पडत होतं."

आंटीने ऐकून घेतलं. सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या पाण्यातनं माझ्यात आल्या."

"नाही. तुमच्यात आल्याच नाहीत."

"मग त्या काडेपेटीत?"

मी म्हटलं, "तिथेही आमचंच पाणी, आंटी. मी थेंब टाकला त्यातली ती."

आत सुनेने गॅस पेटवल्याचा आवाज आला. आता ही रडेल नाहीतर आम्हाला शिव्या देईल, असं मला वाटलं. त्यातलं काही झालं नाही. ती पुढे वाकली आणि एकदम गुपित विचारावं तसं विचारलं, "मग हे चालतंय ते कोण?"

काय नाही, कोण.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आंटीने माझा हात धरला आणि फ्रॉक जरा वर करून आपल्या पोटरीवर ठेवला. "बघ. तुझ्या हाताला कळेल. तुला ठाऊक हाय."

हे तिला कुणी सांगितलं होतं? मी तर नवरा आणि मॅडम सोडून कुणाला बोलले नव्हते. कातडी थंड होती, कागदासारखी पातळ. मी हात तसाच ठेवला. मग माझ्या तळव्याखालून काहीतरी गेलं. हलकेच, खालून वर. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा उडतात, स्नायू फडफडतात, हे मला माहीत आहे आणि मी ते तसंच समजते. पण हात काढताना मी घाई केली, आणि ती घाई तिने बघितली.

"पोरी," ती म्हणाली, "तू खोटं नाय बोलणार."

"काही लागलं नाही हाताला, आंटी," मी म्हटलं.

ती हसली. चहा आला, आम्ही तो प्यायलो, आणि निघालो.

मॅडमनी मग सुनेला बाजूला घेऊन नीट समजावलं. हा आजार मनाचा असला तरी सोंग नसतं, बाईला ते खरंच जाणवतं, आणि आम्ही दिलेल्या रिपोर्टांनी ते पक्कं करून ठेवलंय. त्यांच्या ओळखीच्या एका मानसोपचार डॉक्टर बाईंकडे सून तिला घेऊन गेली. आंटी जायला तयार नव्हती. "ते झोपेचं औषध देतात," म्हणायची. शेवटी नातीसाठी तयार झाली.

ईक्यूएचा निकाल काही आठवड्यांनी आला. आम्ही फक्त मोठ्या जंताची अंडी कळवली होती, आणि खरं उत्तर तेच होतं. पास. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मॅडम मात्र पुढचं पान वाचत होत्या. बाकीच्या लॅबनी काय काय उत्तरं दिली ते तिथे असतं, नाव न देता. बहुतेकांनी अंडीच लिहिली होती. पण खाली काही थोड्या लॅब होत्या. त्यांनी अंड्यांबरोबर आणखी एक गोष्ट लिहिली होती.

अळी.

"मेलेल्या नमुन्यात," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी संस्थेला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलला. कुठल्या लॅब आहेत ते सांगता येत नाही, नियम आहे. त्यांना उत्तर चुकल्याचं कळवलं जाईल, कारण शोधायला सांगितलं जाईल.

"आणि त्यांनी शोधलं नाही तर?"

पुढच्या फेरीत पुन्हा दिसेल, तो म्हणाला. मॅडमनी आमच्या बाटलीची सगळी हकिकत लिहून पाठवली आणि ती सगळ्या लॅबना कळवा अशी विनंती केली. त्यांनी कळवली की नाही, ते आम्हाला माहीत नाही. मुलुंड असेल, बोरिवली असेल, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या शहरात असेल. कुठेतरी कुणीतरी थेंब टाकून डोळा लावत होतं, आणि जे दिसलं ते कुणाच्या तरी नावावर लिहीत होतं.

नाताळ झाल्यावर आंटी आमच्याकडे साखर तपासायला आली. अंगावर थोडं मांस चढलं होतं. नात तिचं बोट धरून होती, आणि आंटीने ते धरू दिलं होतं. सून खुशीत होती. "आता काय बोलत नाय त्याचं," ती मला म्हणाली. "चादर पण घालून झोपते."

सून पैसे द्यायला काउंटरकडे गेली. मी आंटीच्या दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या आत बोटाने शीर चाचपली.

"बरं वाटतंय ना आता, आंटी?"

तिने सुनेकडे एकदा बघून घेतलं. मग माझ्या कानाशी आली.

"गेलं नाय गो," ती म्हणाली. "निजलंय. त्या गोळीनं निजतं. हळू घाल सुई."

मी हातातली सुई ठेवली आणि ड्रॉवरमधून लहान मुलांसाठी ठेवतो ती, सगळ्यात बारीक, काढली.